याआधी असं बाळ पाहिलंय का, सिस्टर?

"याआधी असं बाळ पाहिलंय का तुम्ही, सिस्टर?"

हा प्रश्न मला आजवर इतक्या आयांनी विचारलाय की आता तो यायच्या आधीच कळतो. आधी त्या औषधाच्या पंपाकडे बघतात, मग बाळाकडे, मग माझ्या हातांकडे, आणि मग आवाज अगदी बारीक करून विचारतात. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी याला खोटं उत्तर दिलं. हो हो, पाहिलंय ना, नका काळजी करू. वाटायचं तेवढाच आईला धीर येईल. आणि तिची पाठ वळली की ड्युटी रूममध्ये जाऊन मोबाईलवर त्या आजाराचं नाव शोधत बसायचे, कारण ते मी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलेलं असायचं आणि स्पेलिंगही धड येत नसायचं.

त्या खोट्या उत्तराचं ओझं किती असतं ते मला फार उशिरा कळलं, म्हणून हे लिहायला बसलेय.

लहान मुलांचा वॉर्ड आणि आयसीयू मिळून मी १६ वर्षं काढली, त्यातली गेली ९ वर्षं मेटाबोलिक पेशंट जास्त येतात अशा युनिटमध्ये. ज्यांचा या शब्दाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण जे खातो ते शरीर तोडतं, जोडतं, वापरतं, उरलेलं बाहेर टाकतं, आणि यातल्या प्रत्येक पायरीवर कुठलं ना कुठलं एन्झाइम काम करत असतं. जन्मतःच त्यातलं एखादं नसलं किंवा अर्धवट असलं की ओढ्यात बांध घातल्यासारखं होतं, अलीकडे तुंबतं आणि पलीकडे कोरडं पडतं. कधी तुंबलेलं विष ठरतं, कधी न पोचलेलं जिवावर बेततं, कधी दोन्ही. ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती आर्चिबाल्ड गॅरड या इंग्लिश डॉक्टरने, १९०८ साली लंडनला दिलेल्या व्याख्यानांत, आणि तेव्हा त्याच्या यादीत चारच आजार होते. आज ती यादी १४०० च्या पुढे गेलीय. एकेक आजार दुर्मिळ, पण सगळे मिळून बघितलं तर आमचे बेड क्वचितच रिकामे असतात.

आता टेन्शन कुठल्या कामात नसतं. मी कॅज्युअल्टीत काम केलंय, तिथेही जीव मेटाकुटीला येतो. पण तिथे समोर काय आहे ते निदान ओळखीचं असतं. न्यूमोनियाचं मूल इतक्यांदा बघितलंय की डोकं थकलं तरी हात चालत राहतात. मेटाबोलिकमध्ये हातांना ती सवयच लागत नाही, कारण आज जो आजार बेडवर आहे तो परत बघायला कदाचित तीन वर्षं जातील. आणि त्यात इतकी वर्षं अंगवळणी पडलेलं शहाणपण इथे उलटं पडतं. मूल उलट्या करतंय, खात नाहीये, तर राहू दे जरा, पोटाला आराम मिळू दे, हे आपण सगळेच म्हणतो ना. एमकॅड नावाच्या आजाराच्या मुलाला हाच आराम घातक. त्याला साठवलेल्या चरबीतून ताकद काढता येत नाही, पोट रिकामं राहिलं की शुगर धाडकन खाली येते आणि मूल बेशुद्ध पडू शकतं. युरिया सायकलचा आजार असलेल्या मुलाचं आणखी वेगळं. त्याला प्रोटीन पचवताना तयार होणारा अमोनिया बाहेर टाकता येत नाही, म्हणून तब्येत बिघडली की प्रोटीन बंद करायचं. पण फार वेळ बंद ठेवलं तर शरीर स्वतःचेच स्नायू तोडायला घेतं आणि त्यातूनही अमोनियाच तयार होतो, म्हणून एक-दोन दिवसांत परत मोजूनमापून सुरू करायचं. खाऊ घातलं तरी भीती, उपाशी ठेवलं तरी भीती, आणि या दोन भीतींच्या मधली ती अरुंद वाट ग्रॅममध्ये मोजायची, रात्री तीन वाजता, बाकीचे चार पेशंट सांभाळून.

एक रात्र सांगते. हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

चार दिवसांचं बाळ, मुलगी. जन्मली तेव्हा छान होती, तिसऱ्या दिवशी दूध ओढेनाशी झाली, मग ग्लानी, मग श्वास भराभर. इन्फेक्शन धरून अँटिबायोटिक सुरू झालेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांना श्वासाची ती लय खटकली आणि त्यांनी अमोनिया पाठवायला सांगितला. मी तोवर अमोनियाचं सॅम्पल एकदाही पाठवलेलं नव्हतं. इतक्या लहान बाळाची शीर मिळता मिळेना, मी हात दाबून ठेवला, पिळून पिळून रक्त काढलं, ट्यूब ट्रेमध्ये ठेवली, मधेच शेजारच्या बेडचा मॉनिटर वाजला म्हणून तिकडे धावले, आणि ट्यूब लॅबमध्ये पोचली तेव्हा ४० मिनिटं होऊन गेली होती. अमोनियाचं रक्त हात न पिळता मोकळं वाहू देऊन घ्यायचं असतं, ट्यूब लगेच बर्फात ठेवायची असते आणि १५ मिनिटांत लॅबमध्ये पोचवायची असते, कारण नुसतं ठेवलं तरी ट्यूबमधल्या रक्तात अमोनिया वाढत जातो. हे सगळं मला त्या रात्रीनंतर कळलं.

रिपोर्ट खूप जास्त आला आणि सोबत लॅबचा फोन. सॅम्पल बर्फात नव्हतं, आकडा धरू नका, परत पाठवा. दूध बंद करून ग्लुकोज चालू केलं होतं तेवढं बरं, पण सोडियम बेंझोएट, म्हणजे अमोनिया उतरवायचं औषध, आणि डायलिसिसचा निर्णय दुसऱ्या रिपोर्टसाठी थांबला. दुसरं सॅम्पल बर्फात गेलं. आकडा ६०० च्या वर. एवढ्या लहान बाळात तो साधारण १०० च्या आत असायला हवा. म्हणजे पहिला रिपोर्टही मुळात खराच होता, फक्त माझ्यामुळे त्याच्यावर कुणाला विश्वास ठेवता आला नाही. दीड तास गेला. मेंदूत अमोनिया साठत असताना दीड तास.

मुलगी वाचली. पुढे चालायला उशीर, बोलायला त्याहून उशीर. त्या दीड तासामुळे किती आणि आधीच्या दोन दिवसांमुळे किती, हे कुणीच सांगू शकत नाही. मी दोन-तीन डॉक्टरांना आडून आडून विचारून बघितलं, सगळ्यांनी हेच सांगितलं. खरं म्हणजे दिलासा वाटायला हवा होता, पण उत्तर कधीच मिळणार नाही हे कळल्यावर तो प्रश्न माझ्याच घरी राहायला आला. जवळजवळ तीन आठवडे मी नीट झोपले नाही. घरी पाणी उकळायला ठेवलं तरी घड्याळ बघायचे. कामावर प्रत्येक ट्यूबचं लेबल चारचारदा वाचायचे, हात धुतले की परत धुवायचे, आणि ज्या आईने मला तो नेहमीचा प्रश्न विचारला होता, जिला मी "हो, पाहिलंय" म्हणाले होते, तिच्या डोळ्याला डोळा देता येईना.

शेवटी आमच्या इनचार्ज सिस्टरनी मला लिनन रूममध्ये चादरी मोजताना गाठलं. तीच थप्पी मी तिसऱ्यांदा मोजत होते. त्यांनी समजूत नाही घातली. एवढंच विचारलं, "अगं, अमोनियाचं सॅम्पल कसं पाठवतात ते तुला कधी कुणी दाखवलं होतं का? या वॉर्डात रात्री बर्फ कुठे मिळतो, तुला माहितीये?" माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, कारण रात्री वॉर्डात बर्फ नसायचाच. माझी चूक त्यांनी पुसली नाही, ती होतीच. पण ती चूक जिथे उगवली ती जमीन त्यांनी मला दाखवली, आणि तेव्हा मी पहिल्यांदा मोकळेपणाने रडले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी बसून एक कार्ड लिहिलं आणि औषधांच्या ट्रॉलीला चिकटवलं. पहिली ओळ मोठ्या अक्षरात: बर्फ आधी, सुई नंतर.

नंतर वाचनात आलं की अशा वेळी काम करणाऱ्या माणसाचं जे होतं त्याला अल्बर्ट वू नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली "दुसरा बळी" असं नाव दिलं. पहिला पेशंट, दुसरा ज्याच्या हातून चूक झाली तो. त्यांनी हा विषय उघडपणे बोलता केला याचं मला मोल वाटतं, पण तो शब्द मात्र माझ्या तोंडी कधी बसला नाही. बळी ती मुलगी आहे. मला काय झालं त्याला दुसरा काहीतरी शब्द हवा. पण त्याला शब्द हवा, हे मात्र खरं, कारण नाव नसलेली गोष्ट माणूस कुणापुढे काढणार कशी?

मधल्या काळात आमच्याकडे स्ट्रेस मॅनेजमेंटची सेशन्स सुरू झाली. शिकवणाऱ्या बाई फार तळमळीने शिकवायच्या, श्वासावर लक्ष द्या, खांदे सैल सोडा. त्याचा उपयोग होतो, मी आजही अवघड शीर टोचायच्या आधी एक लांब श्वास सोडते आणि हात स्थिर होतो. पण श्वासाने वॉर्डात बर्फ येत नाही. दोन माणसांची जागा रिकामी असेल तर ती श्वासाने भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचा, म्हणजे कामाने आतून संपून जाण्याचा, जो खुलासा केला तो मला म्हणूनच आवडतो. त्यांनी म्हटलं की हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून हे येतं. म्हणजे मूळ माणसात नाही, कामात शोधायचं. माझ्या किती मैत्रिणी "मीच कमी पडले" म्हणत हे काम सोडून गेल्या, त्यांना हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर.

बर्नआउट आलाय हे ओळखायचं कसं? क्रिस्टीना मॅस्लॅक या मानसशास्त्रज्ञांनी त्याची तीन लक्षणं मांडलीत, आत काही उरलं नाही असं वाटणं, समोरच्या माणसापासून तुटत जाणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पहिलं तर आम्हाला कळतही नाही, थकवा कुणाला नसतो. मी दुसऱ्यावर लक्ष ठेवते. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना मुलाचं नाव जाऊन "बेड चारचा एमएसयूडी" कधीपासून सुरू झालं, ते. एमएसयूडी म्हणजे मेपल सिरप युरीन डिसीज, त्या बाळांच्या लघवीला जळक्या साखरेसारखा गोड वास येतो, कानातल्या मळालासुद्धा येतो. एकदा माझ्या तोंडून ओव्हरमध्ये तीनदा "तो एमएसयूडी" गेलं आणि त्या बाळाचं नाव मला आठवेना. सकाळपासून त्याला मी दोन वेळा अंघोळ घातली होती, गोड वास माझ्या हाताला अजून येत होता, आणि नाव आठवेना. त्याच दिवशी मी दोन दिवस सुट्टी मागितली. आधी कधी मागितली नव्हती.

आणखी एक ताण असतो जो चुकीचाही नाही आणि थकव्याचाही नाही. काय करणं बरोबर ते कळत असतं, पण ते आपल्या हातात नसतं. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली नर्सिंगबद्दल लिहिताना याला नैतिक क्लेश म्हटलं. हे वाचलं की मला दरवेळी पीकेयूची गोष्ट आठवते, प्रोटीनमधला फेनिलअॅलानिन नावाचा घटक शरीराला मोडता येत नाही तो हा आजार. १९५० च्या सुमाराला बर्मिंगहॅममध्ये एक आई आपल्या मुलीला घेऊन रोज सकाळी हॉर्स्ट बिकेल या डॉक्टरांच्या लॅबबाहेर थांबायची, काहीतरी उपाय करा म्हणून. तेव्हा उपायच नव्हता. तिच्या त्या हट्टातून बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेनिलअॅलानिन कमी असलेला आहार तयार केला, मुलगी सुधारली, रडणं थांबलं, रांगायला, उभी राहायला लागली. १९५३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि जगभरच्या पीकेयूच्या मुलांचं आयुष्य बदललं. पण फरक खरंच आहारामुळे पडला हे सिद्ध करायला मधे आईला न सांगता तिच्या आहारात फेनिलअॅलानिन परत मिसळलं गेलं, आणि मुलगी थोड्याच वेळात घसरली. ती पावडर कुणी कालवली असेल? ज्याने कालवली त्याला त्या रात्री झोप लागली असेल का? दुसऱ्या दिवशी आई रडत आली असेल तेव्हा तो माणूस कुठे उभा असेल? या गोष्टीत मला नेहमी तो न दिसणारा माणूस दिसतो, कारण त्याच्या जागी मी अनेकदा उभी राहिलेय. एवढ्या टोकाला नाही, पण औषध वेळेत आलेलं नाही हे माहीत असताना आईला "येईल हं" म्हणत उभं राहणं, हे त्याच जातीचं.

आणि मग सॅनफिलिपोची मुलं. या आजारात साखरेच्या काही लांब साखळ्या मोडणारं एन्झाइम नसतं, त्या साखळ्या पेशींत साठत जातात, मुख्य म्हणजे मेंदूत. पहिली एक-दोन वर्षं मूल अगदी नीट वाढतं, शब्द शिकतं, आणि मग शिकलेलं एकेक सोडून द्यायला लागतं. रात्र रात्र झोपत नाही, धावतं, वस्तू फेकतं. एक मुलगा आमच्याकडे दरवर्षी काही ना काही कारणाने अॅडमिट व्हायचा. पहिल्या वर्षी मला बघून "फुगा" म्हणाला, कारण मी ग्लोव्हज फुगवून त्याचा कोंबडा करून दिला होता. दुसऱ्या वर्षीही "फुगा". तिसऱ्या वर्षी मी फुगवलेला ग्लोव्ह समोर धरला, त्याने बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं, ओठ फ म्हटल्यासारखे हलले, आवाज आला नाही. चौथ्या वर्षी बघितलंही नाही. आमच्यातल्या कुणाचंच ते मूल नव्हतं, म्हणून रडायचा हक्क आपल्याला नाही असं प्रत्येकीला वाटत होतं, आणि प्रत्येक जण वेगवेगळ्या बाथरूममध्ये जाऊन रडत होती. तो गेला त्या दिवशी आमच्या एका ज्युनिअरने सगळ्यांना थांबवलं, म्हणाली, एक मिनिट सगळे जण उभे राहूया का? डॉक्टर, आम्ही, लादी पुसणाऱ्या मावशी, सगळे उभे राहिले. एक मिनिट झाल्यावर मावशीच म्हणाल्या, "मला बघून टाळ्या वाजवायचा तो." आम्हाला हे माहीतच नव्हतं. मग प्रत्येकीने एकेक सांगितलं, उभ्या उभ्याच, दहा मिनिटं. त्यानंतर लगेच पुढचं अॅडमिशन आलं आणि आम्ही कामाला लागलो, पण त्या संध्याकाळी घरी जाताना छाती हलकी होती. आता हे आम्ही प्रत्येक वेळी करतो. कितीही घाई असली तरी.

सगळ्यात मोठा आधार मात्र मला आयांकडून मिळाला, आणि ते मान्य करायला माझा मीपणा आड यायचा. ग्लायकोजेन स्टोरेजच्या, म्हणजे साठवलेली साखर शरीराला नीट वापरता येत नाही अशा आजाराच्या, एका मुलीची आई, मुलीला दर चार तासांनी कच्चं कॉर्नस्टार्च पाण्यात ढवळून द्यायची. शिजवलं की ते लवकर पचून जातं, कच्चं हळूहळू पचतं म्हणून शुगर टिकते, साधी पिठाची गोष्ट पण तीच त्या मुलीची रात्र सांभाळते. तर या आईने पाच वर्षं एकही रात्र सलग झोप घेतली नव्हती. तिच्या फोनला तीन अलार्म, घड्याळाला एक, आणि तरी ती अलार्मच्या आधी उठून बसलेली असायची. एका रात्री ती मला म्हणाली, सिस्टर, हिची शुगर खाली जायच्या आधी हिच्या वरच्या ओठावरचा घाम बघा, मीटरच्या आधी ते सांगतं. मी मनात म्हटलं, आता ही मला शिकवणार. तासाभराने तो घाम दिसला, मी शुगर केली, घसरायला लागलेलीच होती. त्या दिवसापासून मी आयांना विचारायला लागले. पीकेयूचा शोधही मुळात असाच लागलाय हे मला पुढे कळलं. नॉर्वेमधल्या बोर्ग्नी एगलंड नावाच्या आईने आपल्या दोन मुलांचं असं का होतंय हे वर्षानुवर्षं डॉक्टरांना विचारलं, त्यांच्या अंगाला वेगळा वास येतो हेही सांगितलं, आणि १९३४ साली आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी ते मनावर घेऊन त्या मुलांची लघवी तपासली तेव्हा फेरिक क्लोराइड टाकल्यावर ती हिरवी झाली.

विचारायला लागल्यावर माझं टेन्शन कमी झालं, वाढलं नाही. मला वाटायचं आपण "माहीत नाही" म्हटलं की आईचा विश्वास उडेल. उलट झालं. सगळं आपल्या एकटीच्याच डोक्यावर आहे हे वाटणं गेलं. आकडा दोघींनी मोजायचा, डोस दुसऱ्या सिस्टरने परत तपासायचा, मेटाबोलिकच्या डॉक्टरांना रात्री दोनला फोन करायला लाजायचं नाही, आणि मुलाचं इमर्जन्सी लेटर, म्हणजे तब्येत बिघडली तर काय करायचं ते लिहिलेला कागद, बेडच्या डोक्याशी लटकवायचं, कपाटात नाही.

गेल्या महिन्यात युरिया सायकलचा एक चार वर्षांचा मुलगा ताप येऊन अॅडमिट झाला. त्याच्या बेडवर जी सिस्टर होती तिला येऊन सहा महिनेही झाले नव्हते. मी पलीकडे औषधं भरत होते. आईने फाईल छातीशी धरलेली, आणि अपेक्षेप्रमाणे तो प्रश्न आला, याआधी असं मूल पाहिलंय का तुम्ही? मी भरता भरता थांबले.

ती नवी सिस्टर म्हणाली, "नाही ताई, मी पहिल्यांदाच बघतेय. तुमच्या फाईलमधलं लेटर आपण दोघी मिळून वाचूया? सीनियर सिस्टर इथेच आहेत, आणि डॉक्टरांना मी कळवलंय."

आईने फाईल उघडली. दोघी डोकं वाकवून वाचत होत्या, आई बोटाने ओळी दाखवत होती, इथे ग्लुकोजचं लिहिलंय, इथे औषधाचं, मागच्या वेळी इथे चुकलं होतं. मग ती सिस्टर उठली, सुईच्या ट्रेला हातही न लावता आधी फ्रीजरकडे गेली, आणि बर्फाची वाटी घेऊन आली. सॅम्पल सात मिनिटांत लॅबमध्ये होतं. आकडा ७४ आला, त्याच्यासाठी थोडा जास्त, पण ग्लुकोज लेटरमध्ये लिहिल्याप्रमाणे आधीच चालू होतं.

चारच्या राउंडला गेले तेव्हा आई खुर्चीत बसल्या बसल्याच झोपली होती, फाईल मांडीवर उघडी. वाटीतला बर्फ वितळलेला. मी वाटी उचलली, पाणी ओतलं, आणि नवीन बर्फ लावून ठेवला.